आधी काडतूस, मग काच, मग ट्रिगर: छंदाच्या रायफलीवर खर्च करताना

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी रुगर १०/२२ ही पॉइंट टू-टू बोअरची अर्धस्वयंचलित रायफल रीतसर परवान्यावर घेतली. सुटीच्या दिवशी रेंजवर जाऊन ५० मीटरवर कागदी टार्गेट आणि कधी लोखंडी तबकड्या मारायच्या, एवढाच माझा छंद आहे. स्पर्धेत उतरण्याचा विचार नाही. वाळूच्या पिशव्यांवर टेकवून नेम धरला तरी माझ्या पाच गोळ्या साधारण पाच सेंटीमीटरमध्ये पसरतात. या रायफलीसाठी बाजारात इतके सुटे भाग मिळतात की यादी करता करता माझी वही भरली : जाड नळी, हलका ट्रिगर, नवा दस्ता, रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचे साधन), नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा ब्रेक, पंचवीस गोळ्यांची मॅगझिन, रबरी बफर, रिकामी पुंगळी ओढून काढणारा धारदार एक्स्ट्रॅक्टर. सगळे घेणे परवडणारे नाही. यातले खरोखर उपयोगाचे काय, आणि सुरुवात कुठून करावी? आणखी एक गोष्ट म्हणजे माझी चौदा वर्षांची मुलगी आता माझ्याबरोबर रेंजवर येते, पण तिला रायफल लांब पडते. तिच्यासाठी वेगळी रायफल घ्यावी लागेल का?

उत्तर : आपण वहीत यादी केली आणि खरेदीच्या आधी विचारले, हे फार चांगले झाले. आपली रायफल १९६४ साली बाजारात आली आणि तेव्हापासून तिची मूळ रचना फारशी बदललेली नाही. त्यामुळे तिच्यासाठी भाग बनवणाऱ्यांची संख्या अफाट आहे आणि जवळजवळ प्रत्येक स्क्रूला पर्याय मिळतो. पर्याय मिळतो म्हणून तो हवाच असे मात्र नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : पैसे आधी काडतुसांवर, नंतर डोळ्यासमोरच्या काचेवर, म्हणजे दुर्बिणीवर, नंतर बोटाखालच्या ट्रिगरवर आणि खांद्याला-गालाला लागणाऱ्या दस्त्यावर खर्च करावेत. नळीचा विचार सर्वांत शेवटी करावा, आणि बहुतेकांना तो करावाच लागत नाही.

काडतुसांना ‘अपग्रेड’ म्हणायला कोणी तयार नसते, कारण ती रायफलीवर दिसत नाहीत. तरीही आपल्या पाच सेंटीमीटरच्या ग्रुपचे, म्हणजे कागदावरच्या गोळ्यांच्या पसाऱ्याचे, पहिले संशयित तीच आहेत. आपण कोणती काडतुसे वापरता ते पत्रात लिहिलेले नाही, पण बहुतेक जण स्वस्तात मोठ्या डब्यात मिळणारी ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसे घेतात, म्हणून तेच गृहीत धरतो. त्यांची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३७५ मीटर वेगाने निघते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. ही हलकी, बोथट गोळी हवेत झपाट्याने मंदावते आणि ५० मीटरच्या टार्गेटपर्यंत पोहोचेपर्यंत तिने ध्वनीच्या वेगाची सीमा वरून खाली ओलांडलेली असते किंवा ती त्या सीमेच्या अगदी जवळ आलेली असते. नेमक्या याच टप्प्यावर गोळीभोवतीचा हवेचा दाब अस्थिर होतो आणि तिची वाट किंचित डगमगते. ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ काडतुसातली गोळी मुळातच सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास निघते, त्यामुळे तिला ही सीमा ओलांडावी लागत नाही. आपल्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे पुंगळी बाहेर काढून नवे काडतूस आत सारणारा सरकता भाग, मागे ढकलण्याइतका जोर या काडतुसात सहसा पुरेसा असतो. मुद्दाम अगदी मंद आणि शांत बनवलेली काडतुसे मात्र टाळा, कारण त्यांनी बोल्ट पुरता मागे जात नाही आणि प्रत्येक गोळीनंतर तो हाताने ओढावा लागतो.

प्रत्येक नळीला वेगळे काडतूस मानवते. यामागचे गणित आधीच मांडता येत नाही, ते कागदावरच बघावे लागते. चार-पाच वेगवेगळ्या बनावटीच्या स्टँडर्ड काडतुसांची एकेक डबी घ्या, एकाच दिवशी, वारा शांत असताना, वाळूच्या पिशव्यांवरून प्रत्येकी दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप काढा आणि प्रत्येक कागदावर काडतुसाचे नाव व डबीवरचा लॉट क्रमांक लिहून ठेवा. पाच गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप योगायोगानेही जमतो, म्हणून दहाचा आग्रह धरतो. बनावट बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नयेत, कारण आधीच्या काडतुसाचे मेण आणि वंगण नळीत राहिलेले असते आणि नव्याचा थर बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे जातात. अशा चाचणीत एखाद्या काडतुसाने पाचऐवजी तीन सेंटीमीटरचा ग्रुप दिला, तर मला अजिबात नवल वाटणार नाही. ते काडतूस सापडले की त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या डब्या घेऊन ठेवा.

यानंतर काच. पन्नास मीटरवर कागद मारायचा असेल तर दुर्बीण हवीच, पण ती कोणती हे बारकाईने बघायला हवे. स्वस्तातल्या अनेक दुर्बिणी मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांचे पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला तरी नेम न सरकण्याची जुळणी, १०० यार्ड किंवा त्याहून दूरच्या अंतराला जुळवलेले असते. अशा दुर्बिणीतून ५० मीटरवर बघताना डोके थोडे डावी-उजवीकडे हलवा : रायफल जागची हललेली नसते, तरीही दुर्बिणीतली नेमाची फुली टार्गेटवरून सरकताना दिसते. म्हणजे प्रत्येक गोळीला गाल दस्त्यावर किंचित वेगळ्या जागी टेकला तर नेम योग्य असूनही गोळी चुकते, आणि माणूस दोष नळीला देतो. पॉइंट टू-टूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणींचे पॅरॅलॅक्स ५० यार्डांच्या आसपास जुळवलेले असते. तशी घ्या, किंवा ज्यात ते फिरवून जुळवता येते अशी घ्या. नऊपट मोठे दाखवणारी दुर्बीण या अंतराला भरपूर झाली. त्याहून मोठी घेतली तर आपल्याच नाडीचे ठोके फुलीवर नाचताना दिसू लागतात आणि नवशिक्या माणूस त्यांच्याशी झगडत बसतो.

रेड डॉट लोखंडी तबकड्यांसाठी मजेदार आहे, दोन्ही डोळे उघडे ठेवून पटापट नेम धरता येतो. पण हिशेब करून बघा. एक मिनिट ऑफ अँगल (कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) म्हणजे ५० मीटरवर सुमारे साडेचौदा मिलिमीटर. तीन मिनिटांचा ठिपका त्या अंतरावर जवळपास साडेचार सेंटीमीटर व्यापतो, म्हणजे आपला आत्ताचा जवळजवळ सगळा ग्रुप त्या ठिपक्याखाली झाकला जातो. कागदासाठी ते योग्य साधन नाही. दुर्बीण नकोच असेल तर मागच्या बाजूला बारीक छिद्राची, म्हणजे पीप साइट बसवून घ्या. तिच्यामुळे पुढची आणि मागची खूण यांच्यातले अंतर वाढते आणि मूळच्या उघड्या खाचेपेक्षा नेम पुष्कळ काटेकोर धरता येतो.

दुर्बिणीइतकेच महत्त्व तिच्याखालच्या स्क्रूंना आहे, आणि हे मी स्वतःची चूक सांगून पटवून देतो. काही वर्षांपूर्वी मी एकाच संध्याकाळी नवी दुर्बीण, नवा ट्रिगर आणि नवा दस्ता असे सगळे चढवले आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर माझा ग्रुप होता त्याच्या दुप्पट झाला. तीन गोष्टी बदललेल्या होत्या, म्हणून दोष कोणाचा हे कळायला मार्गच नव्हता. आधी ट्रिगरवर संशय घेतला, मग दस्त्यावर, मग काडतुसांवर, आणि त्यात महिना गेला. शेवटी दुर्बीण काढली तेव्हा ती जिच्यावर बसते त्या खालच्या रेलच्या (पट्टीच्या) चार स्क्रूंपैकी दोन बोटांनी फिरत होते. कारखान्यातून आलेले तेल पुसून न काढताच मी ते आवळले होते. तेव्हापासून भोके आणि स्क्रू स्पिरिटने कोरडे करतो, मध्यम ताकदीचा थ्रेड-लॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, थेंबभर लावतो, टॉर्कचा, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा स्क्रूड्रायव्हर वापरून पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकेच आवळतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आपणही कोणताही भाग बसवण्याआधीचे आणि नंतरचे कागद शेजारी ठेवून बघा. फरक दिसला नाही तर तो भाग ठेवायचा की परत करायचा हे कागदच सांगेल.

आता ट्रिगरविषयी, कारण सुट्या भागांमध्ये मला सर्वांत जास्त फरक इथेच जाणवला. आपल्या रायफलीचे वजन साधारण सव्वादोन किलो आहे, आणि तिचा कारखान्यातला ट्रिगर ओढायला बहुधा अडीच किलोहून जास्त जोर लागतो. ज्या वस्तूला आपण स्थिर धरू पाहतो, तिच्या वजनापेक्षा अधिक जोराने एक बोट तिला मागे ओढत असते. अशा ओढीत रायफल हलू न देणे कसलेल्या नेमबाजालाही जड जाते. त्याच कंपनीचा बीएक्स ट्रिगर सव्वा किलोच्या आसपास सुटतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुटण्याआधीचे खरखरत सरकणे त्यात पुष्कळ कमी आहे. इतर नामवंत उत्पादकांचेही पूर्ण ट्रिगर संच मिळतात. घ्यायचा तर असा पूर्ण संच घ्या. एकट्या हॅमरच्या (ट्रिगर दाबताच सुटणाऱ्या हातोडीच्या) किंवा स्प्रिंगच्या स्वस्त जोड्यांमध्ये स्प्रिंग हलकी असेल तर काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा ठोका कमी पडतो आणि काडतुसे फुटत नाहीत.

बसवणे सोपे आहे. मॅगझिन काढा, बोल्ट ओढून नळीचे घर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करा, दस्त्याखालचा एकमेव मोठा स्क्रू सोडवा आणि हॅमर ताणलेला असताना सेफ्टीचे बटण बरोबर मध्यावर आणा, नाहीतर ते दस्त्याच्या लाकडात अडते आणि नवखा माणूस उगाच जोर लावत बसतो. रायफल बाहेर आली की ट्रिगर संच धरून ठेवणाऱ्या दोन पिना हलक्या हाताने ढकलल्या तरी निघतात. कित्येकदा रायफल आडवी करताच त्या आपोआप टेबलावर पडतात, म्हणून खाली पांढरे फडके अंथरून बसा. नवा संच बसवल्यावर रिकाम्या रायफलीवर तपासणी करायलाच हवी : सेफ्टी लावून ट्रिगर दाबला तर हॅमर सुटता कामा नये, नंतर सेफ्टी काढल्यावर तो आपोआप सुटता कामा नये, आणि ट्रिगर दाबून धरलेला असताना बोल्ट मागे ओढून सोडला, तर बोट सैल करून पुन्हा दाबल्याशिवाय हॅमर पडता कामा नये. रेंजवर पहिल्यांदा जाताना मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, मग दोन, आणि सारे ठीक असेल तरच दहा.

ट्रिगरच्या आतल्या पृष्ठभागांना कानस किंवा पॉलिश पेपर कधीही लावू नका. मी ज्या रेंजवर जातो तिथे एका सभासदाने ‘जरा गुळगुळीत’ करण्यासाठी सिअर, म्हणजे हॅमर अडवून धरणारी खाच, घासली होती. त्याच्या रायफलीतून एका दाबात दोन गोळ्या सुटल्या, आणि दुसरी गोळी नळी उचललेली असताना मातीच्या बांधाच्या अगदी वरच्या काठाला लागली. रेंज अधिकाऱ्याने तत्क्षणी सगळी रांग थांबवली. तो आवाज आणि त्यानंतरची शांतता माझ्या अजून लक्षात आहे. अशी बिघडलेली रायफल धोकादायक तर असतेच, शिवाय अनेक ठिकाणच्या कायद्यात तिची गणना स्वयंचलित शस्त्रात होऊ शकते आणि आपला परवाना त्याला पुरत नाही. सवय नसलेल्या हाताला फार हलका ट्रिगरही नकोच. सव्वा किलो आपल्या छंदाला आणि मुलीच्या बोटाला पुरेसा आहे.

यादीतल्या किरकोळ वस्तू लवकर आवरतो. बोल्ट मागे जाऊन ज्या पोलादी पिनेवर आदळतो तिच्याऐवजी बसवायचा पॉलियुरेथेनचा बफर स्वस्त आहे. त्याने नेम सुधारत नाही, पण प्रत्येक गोळीबरोबर कानाशी होणारा धातूचा खणखणाट जातो, म्हणून खुशाल घ्या. धारदार एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी अडकत असेल तरच घ्यावा, आणि तेही नळीचे घर ब्रशने नीट साफ करून बघितल्यावर, कारण तिथे साचलेले मेण आणि काजळीच बहुतेक वेळा पुंगळी धरून ठेवते. आपल्या रायफलीवर मॅगझिन सोडण्याचा जुना, सपाट खटका असेल तर लांब खटका बसवून घ्या. थंड किंवा घामेजल्या बोटांनी जुना दाबताना होणारी कटकट वाचेल. नळीच्या तोंडाचा ब्रेक घेऊच नका. अडीच ग्रॅमच्या गोळीला धक्का असा किती असणार? त्याने फक्त शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या कानांना त्रास होतो.

मॅगझिनच्या बाबतीत माझे मत कदाचित जुनाट वाटेल, पण या रायफलीतला मला सर्वांत आवडणारा भाग तिची दहा गोळ्यांची फिरती मॅगझिन हाच आहे. ती दस्त्याच्या पोटात सपाट बसते, त्यामुळे बाकावर किंवा जमिनीवर पालथे पडून नेम धरताना खाली काही टोचत नाही, आणि तिच्यात काडतुसांच्या कडा एकमेकींत अडकत नाहीत. पंचवीस गोळ्यांची लांब मॅगझिन वाळूच्या पिशवीला अडते, आणि आपल्या छंदात दर दहा गोळ्यांनी थांबून कागद बघणे फायद्याचेच आहे. त्याऐवजी कंपनीच्याच आणखी दोन दहाच्या घ्या. अधिक क्षमतेच्या मॅगझिन, घडीचे दस्ते, पिस्तुलासारखी मूठ आणि नळीला लावायच्या वस्तू यांच्यावर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे निर्बंध असतात, म्हणून यांपैकी काहीही मागवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी खात्री करून घ्या. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका.

जाड नळीचा मोह मला समजतो, कारण या रायफलीत नळी व्ही आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी बसवलेली असते आणि ती घरी बदलता येते. ०.९२० इंच व्यासाच्या जाड नळीसाठी रुंद खाचेचा वेगळा दस्ता लागतो आणि रायफलीचे वजन बरेच वाढते, जे आपल्या मुलीला सोसणार नाही. शिवाय स्पर्धेच्या मापाचे घट्ट घर काटेकोर असले तरी अर्धस्वयंचलित रायफलीत ते जरा मळताच काडतूस अडवते. म्हणून घेतलीच तर बेंट्झ घराची घ्यावी, कारण ते घट्टपणा आणि अर्धस्वयंचलित रायफलीची गरज यांचा मेळ घालून आखलेले आहे. पण योग्य काडतूस, योग्य काच आणि चांगला ट्रिगर यांच्यानंतर आपला ग्रुप अडीच-तीन सेंटीमीटरवर आला, तर तबकड्या आणि कागद यांच्या छंदाला आणखी काय हवे, असे मी विचारेन. आत्ताची नळी मात्र सांभाळा. या रायफलीचे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा, मागून बंद असल्यामुळे लोक तोंडाकडून लोखंडी दांडा घालून नळी साफ करतात, तो तोंडाच्या कडेवर घासतो आणि गोळी जिथून मोकळी होते ती कडच झिजते. ओढून काढायची दोरी घराच्या बाजूने घाला आणि सरळ रेषेत ओढा. तेही दर फेरीनंतर करायची गरज नाही, ग्रुप पसरू लागला की करा.

कानांविषयी एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. पॉइंट टू-टूचा आवाज लहान वाटतो, पण रायफलीतून तोही १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो, म्हणून मुलीच्या मापाचे कर्णरक्षक आणि चष्मा ही खरेदी वरच्या सगळ्या यादीच्या आधी करा. काडतुसात शिसे असते, त्यामुळे रेंजवरून निघताना दोघांनी साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

तिच्यासाठी वेगळी रायफल नको. मूळ दस्त्यात ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे साडेतेरा इंच आहे आणि चौदा वर्षांच्या बहुतेक मुलामुलींना ते लांबच पडते. लांब दस्ता धरताना तिला मागे झुकावे लागते, डावा हात ताणावा लागतो आणि मिनिटभरात नळी थरथरू लागते. मग तिला वाटते की आपल्याला नेम जमत नाही. मागच्या बाजूला पट्ट्या घालून लांबी कमी-जास्त करता येईल आणि गालाचा टेकू वर-खाली होईल असा दस्ता घ्या. आपल्या यादीतला नवा दस्ता मी याच कारणासाठी मंजूर करतो. माप बघायला रिकाम्या रायफलीचे टोक तिच्या कोपराच्या आतल्या घडीत टेकवा. हात काटकोनात असताना तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर आरामात पोहोचले पाहिजे. तिच्या पाळीला पट्ट्या काढा, आपल्या पाळीला घाला. गाल वेगळ्या जागी टेकल्यामुळे दोघांच्या गोळ्या टार्गेटवर थोड्या वेगळ्या ठिकाणी लागतील. तेव्हा आपल्या वहीचे एक पान तिला द्या, आणि दुर्बिणीचे टरेट, म्हणजे नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणारी गोल बटणे, किती खटके फिरवली की तिचा नेम मध्यावर येतो, ते तिचे तिलाच लिहून ठेवू द्या.